‘रात्रभर गेम खेळायलाय’: एका व्हॉइस नोटची गोष्ट

जून उजाडला की लातूरच्या ट्यूशन एरियात नवी लेकरं येतात आणि दिवाळीच्या आसपास त्यांचे आईबाप माझ्याकडे सल्ल्यासाठी यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच. ‘मॅडम, पोरगं रात्रभर गेम खेळायलाय. पुस्तक धरलं की पेंगायलाय. मोबाईल काढून घेऊ का?’ नांदेडचे असोत, बीडचे असोत की परभणीचे, शब्दसुद्धा तेच. म्हणून एका मुलाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीचा, नीटची तयारी करणारा. वडिलांची औसा तालुक्यात कोरडवाहू शेती, सोयाबीनच्या पैशातून क्लासची फी भरलेली. दहावीला उत्तम मार्क, पण इथं आल्यावर टेस्टमागून टेस्ट घसरत खालच्या बॅचमध्ये गेला. खोलीवर चौघं राहायचे. हा रात्री दोनपर्यंत बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवर स्क्वॉड (टोळी) करून खेळायचा लढाईचा गेम, खेळायचा. पहिल्या भेटीत वडीलच बोलले, मुलगा मान खाली घालून बसला.

पुढच्या भेटींमध्ये मी अभ्यासाचं नावच काढलं नाही. गेमचंच विचारत राहिले, तसा तो खुलत गेला.

‘गेममध्ये मेलास की काय करतोस?’

‘रिप्ले बघतो.’

‘कशाला?’

‘कुठून मारलं, मी कुठं उघडा पडलो, ते कळतंय. मग स्क्वॉडला सांगतो.’

‘आणि रविवारच्या टेस्टचा पेपर?’

‘तो कोण बघतंय मॅडम! मार्क लागले की बॅच कळती. संपलं.’

त्याच भेटीत त्याने एक व्हॉइस नोट ऐकवली. त्याच्या क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या कायमच्या गटात, परभणीकडचा एक नववीतला पोरगा होता, नवशिका. त्याला यानं पाठवलेली. ‘भावा, नेम तुझा चांगलाय. पण तू घाबरून उघड्यावर पळायलास, तिथंच मरायलास. आधी झाड बघ, भिंत बघ, मग पळ. उद्या ट्रेनिंगला ये, आपण तेवढंच करू.’

मी ती पुन्हा लावायला सांगितली आणि बाहेर बसलेल्या आईला आत बोलावलं. तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हे आमचंच लेकरू बोलायलंय?’ घरी दोन शब्द न बोलणारं पोरगं कुणाला तरी इतकं समजावून सांगतंय, यावर तिचा विश्वास बसेना. पोरगा लाजला, पण त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसला.

त्या एवढ्याशा निरोपात काय काय आहे बघा. आधी जे जमतंय ते सांगितलं. मग दहा चुका न काढता एकच काढली, तीही न हिणवता. लगेच उपाय दिला आणि उद्याच्या सरावाला स्वतः सोबत येतो म्हणाला. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनाही हे नेहमी साधत नाही. एकट्याला न जमणारी गोष्ट जाणत्याच्या आधाराने जमते आणि शिकणं त्याच टप्प्यावर घडतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की सांगून गेले. माझं सगळं काम याच विचारावर उभं आहे. कॉन्स्टन्स स्टाइनकुलर आणि शॉन डंकन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचे आपसातल्या चर्चेतले जवळपास दोन हजार संदेश तपासले. त्यांतले ८६ टक्के एकमेकांच्या साथीने ज्ञान रचणारे निघाले. त्या मुलाची व्हॉइस नोट ऐकताना मला हेच आठवत होतं.

या मुलाला शिकता येत होतं, शिकवताही येत होतं. वर्गात त्याला वाव नव्हता, इतकंच. क्लॅनमध्ये नवखा आणि पट्टीचा एकाच स्क्वॉडमध्ये खेळतात, प्रश्न विचारला म्हणून कुणाची इज्जत जात नाही. आपल्याकडे मार्कांवर बॅच पाडतात. ज्याला येतं तो एका मजल्यावर, ज्याला अडतं तो दुसऱ्या. मग विचारायचं कुणाला?

आम्ही त्याचा रिप्ले टेस्टला लावला. रविवारी संध्याकाळी खोलीतले चौघं पेपर घेऊन बसायचे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: कळलंच नाही, घाई झाली, की ठोकून दिलं? नीटला १८० प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. दोन-तीन रविवारांत त्याला स्वतःलाच दिसलं की फिजिक्समध्ये तो ठोकून देण्यातच मार्क घालवतोय. मग बायोलॉजी तो खोलीतल्या एकाला समजावू लागला, फिजिक्स दुसऱ्याकडून घेऊ लागला. रात्री अकरानंतर खेळायचं नाही, हे त्याने आपणहून ठरवलं. एकदम वरच्या बॅचमध्ये गेला असं नाही, पण सरांना डाउट विचारायला लागला. माझ्या लेखी ती मोठी गोष्ट आहे.

त्याच्या एका सरांना मी भेटले. आता ते निकालाच्या दिवशी मार्क वाचून दाखवण्याआधी दहा मिनिटं पोरांना जोडीने चुका शोधायला देतात. जोडीत एक अडणारा, एक जाणता. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढं तरी करून बघा. यासाठी वर्गात गेम आणायची काही गरज नाही.

सगळीच मुलं अशी नसतात, हेही सांगायला हवं. खेळणं हातात राहत नाही, जेवणझोप, शाळा, मित्र सगळं मागं पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. तिथं मानसोपचारतज्ज्ञच हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. पैसे लावून खेळायच्या गेमचं तर मी इथं बोलतच नाही. तिथं पहिल्याच दिवशी लगाम घाला.

बाकीच्यांना, मोबाईल काढून घेऊ का या प्रश्नावर माझं उत्तर असं आहे: रात्री झोपताना तो खोलीबाहेर ठेवायला लावा आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लावा. पण त्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून एक अख्खी मॅच बघा. तो कुणाशी काय बोलतो ते ऐका. हरला की का हरला हे त्याला विचारा, आणि त्याच आवाजात, त्याच आठवड्यात, टेस्टचंही विचारा.