पुण्यात मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून अर्ध्या दिवसात काय काय पाहता येईल?

उत्तर: गाडी घरीच ठेवून मेट्रोने या, त्या भागात पार्किंग शोधण्यातच जीव जातो. वनाझ किंवा रामवाडीकडून येणार असाल तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलून स्वारगेटकडची पकडा. तिथे भुयारी फलाट जवळजवळ ३३ मीटर खोल आहे, एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात. घाई नको.

मंडईला वर आलात की आधी महात्मा फुले मंडईत शिरा, तीही सकाळीच. १८८०च्या दशकातली ही अष्टकोनी दगडी इमारत बाहेरून सगळेच बघतात, पण खरी मजा आत आहे. विक्रेते उंच ओट्यावर बसलेले आणि भाज्यांची उतरंड थेट आपल्या छातीपर्यंत आलेली. मान वर करूनच भाव विचारायचा!

मग तुळशीबाग. खरेदीच्या नादात आतलं राममंदिर चुकवू नका. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकडी दर्शनी काम समोरच्या फुटपाथवरून नीट दिसतं. पुढे दगडूशेठ गणपती, लाल महाल, शनिवारवाडा.

परतायला पुन्हा मंडईपर्यंत चालू नका, शनिवारवाड्यापासून कसबा पेठ स्टेशन जवळ पडतं.