मांडवात औषधांचं टेबल लावायचंय?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं मंडळ सांगली जिल्ह्यात दर जानेवारीत तीन दिवसांचा शास्त्रीय संगीत महोत्सव करतं, मैदानात मांडव घालून, हजार-बाराशे माणूस येतं आणि त्यातले निम्मे तरी साठीच्या पुढचे. यंदा गेटजवळ छोटंसं मेडिकल लावायचं ठरतंय, ओळखीचा मेडिकलवाला माल देतो म्हणाला, टेबलावर कॉलेजची पोरं बसतील. चालेल ना? आणि काय काय ठेवू?

उत्तर: दादा, वयस्कर श्रोत्यांचा विचार केलात हे फार बरं वाटलं, पण असं मेडिकल नका लावू. लायसन्स त्या दुकानाच्या पत्त्यावर असतं, तोच माल मांडवात आणून विकला की ती विनापरवाना विक्री झाली, आणि फुकट वाटू म्हणाल तर १९४० च्या औषध कायद्यात विक्रीबरोबर वाटपही धरलंय. रीतसर दुकान काढायचं तर किमान १० चौरस मीटर जागा आणि रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, तीन दिवसांसाठी एवढं कोण करणार.

सरळ मार्ग असा की गावातल्या एमबीबीएस डॉक्टरांना तिथे बसायला विनंती करा आणि बोर्ड लावा ‘वैद्यकीय मदत कक्ष’. डॉक्टर स्वतः तपासलेल्या पेशंटला स्वतःजवळचं औषध देऊ शकतात, त्याला नियमात सूट आहे, फक्त दुकानासारखी उघडी विक्री करायची नाही. औषधं डॉक्टरांच्या नावावर पक्क्या बिलाने घ्या, बिलावर बॅच नंबर हवाच. शिवाय एखादा फार्मासिस्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण गर्दीत डॉक्टर पेशंट बघत असताना गोळी मोजणारा, पाकिटावर लिहिणारा माणूस जाणता हवा. पोरांना पाणी देणं, वहीत नोंद करणं, पेशंटला हाताला धरून आणणं ही कामं द्या, गोळ्यांच्या डब्याला हात लावायची परवानगी नको.

आता काय ठेवायचं. यादी छोटी ठेवा हो, लोक अर्धं दुकान उचलून आणतात आणि मग घाईत चुकीची स्ट्रिप हातात जाते. पॅरासिटामॉल ५००, ओआरएसची पाकिटं, अॅसिडिटीचं औषध, अॅलर्जीसाठी सेटिरिझिन, ड्रेसिंगचं सामान, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि साखर. दम्यासाठी सॅल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायची नळी), आणि जीवघेण्या अॅलर्जीवरचं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, ही दोन डॉक्टरांच्या हातातली. अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या बिलकुल नकोत. दुखण्यावर आयबुप्रोफेन लोक हक्काने मागतात, पण दिवसभर पाणी कमी प्यालेल्या, बीपीच्या किंवा किडनीच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते बाधू शकतं, म्हणून आधी ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ हे विचारल्याशिवाय काहीच द्यायचं नाही. सेटिरिझिनने झोप येते, गाडी चालवत घरी जाणाऱ्याला हे सांगा. खोकला आला की लोकांना मैफलीत ओशाळल्यासारखं होतं आणि ते सिरप मागत येतात, त्यांना कोमट पाणी आणि ज्येष्ठमधाची कांडी द्या, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. चार वर्षांखालच्या पोराला सर्दी-खोकल्याचं कॉम्बिनेशन सिरप मुळीच नाही.

स्ट्रिप कापताना एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत डब्यात राहू द्या. सुटी गोळी कागदाच्या पाकिटात, वर औषधाचं नाव, किती, केव्हा, आणि आत्ता दिलेल्या डोसची वेळ. ही वेळ फार महत्त्वाची, कारण तोच माणूस घरी जाऊन डोकेदुखीची दुसरी गोळी घेतो आणि तिच्यातही पॅरासिटामॉलच असतं. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ५०० च्या आठच गोळ्या, आणि वयस्कर किंवा बारीक माणसाला डॉक्टर त्याहून कमीच सांगतील.

पत्र्याखाली टेबल मांडू नका, सांगलीत जानेवारीतही दुपारी पत्रा चांगलाच तापतो. डब्याशेजारी साधा थर्मामीटर टांगा, ३० च्या पुढे गेला की जागा बदला. कुणी आपलं इन्सुलिन ठेवायला दिलं तर नाव-नंबर चिकटवून आइसबॉक्समध्ये ठेवा पण टॉवेलात गुंडाळून, बर्फाला टेकून ते गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं. आणि हो, दोन-तीन तास बैठक मारून बसलेला डायबेटिसवाला उठताना घामाघूम झाला की आधी शुगर बघा, कमी निघाली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच डॉक्टर आणि १०८.

प्रश्न: मी गोव्यात एका मोठ्या डान्स म्युझिक फेस्टला व्हॉलंटियर आहे. कुणी काहीतरी घेतलंय आणि अंग तापलंय असं दिसलं तर पॅरासिटामॉल देऊ का?

उत्तर: नको. एमडीएमएसारख्या ड्रगने आणि तासन्‌तास नाचून अंग तापतं तो ताप वेगळा, त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. मेडिकल टीमला तिथल्या तिथे बोलवा, सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला, काखेत-मानेला बर्फाचे पॅक. बडबडतोय, ओळखत नाही, आकडी आली तर १०८ लाच फोन, थांबून बघत बसू नका. घोट घोट पाणी चालेल, पण लिटरच्या लिटर साधं पाणी पाजू नका, या ड्रगमध्ये शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरून जीवावर बेततं. काय घेतलं, केव्हा घेतलं हे शांतपणे विचारा, दरडावलंत की मित्र खोटं बोलतात आणि डॉक्टरांची मौल्यवान मिनिटं जातात.

प्रश्न: ओआरएस म्हणून टेट्रापॅकमधली पेयं ठेवली तर चालतील का?

उत्तर: दुकानात त्या नावाखाली गोड पेयंही विकली गेलीत, म्हणून पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघूनच घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं-अर्धं अंदाजाने टाकू नका. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.