आवडत्या आणि नावडत्या

प्रश्न : ताई, हिलरी क्लिंटन लोकांना आवडतच नव्हत्या, असं जनमत चाचण्या दाखवतात. मग ते खरंच असणार ना?

उत्तर : मला नाही पटत. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असताना गॅलप या संस्थेच्या जनमत चाचण्यांत याच बाई साठ टक्क्यांच्या वर लोकांना आवडत होत्या. मग २०१६ च्या निवडणुकीत अध्यक्षपद मागितलं आणि आकडा घसरला. सरकारी कामाला खासगी ई-मेल सर्व्हर वापरल्याच्या प्रकरणाचा त्यात वाटा होता, मान्य; पण स्वभाव का चार वर्षांत पालटतो?

त्याआधीचा प्रसंग बघा. जानेवारी २००८, न्यू हॅम्पशायर राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांची वादचर्चा. प्रतिस्पर्धी ओबामा लोकांना जास्त आवडतात, याबद्दल हिलरींना भर मंचावर विचारलं. मन दुखावलं, असं त्या हसून म्हणाल्या. ओबामांनी ‘तुम्हीही पुरेशा आवडण्याजोग्या आहात’ असं सुनावलं. ते ‘पुरेशा’ मला अजून टोचतं. कुठल्या पुरुषाला असं मोजतात? तीनच दिवसांनी, चाचण्यांत ओबामा पुढे असताना, तिथली पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्या त्या हिलरीच.