पाना उचलण्याआधी काट्याकडे बघा

या खेपेच्या बहुतेक प्रश्नांत दुखणं एकच आहे. स्पोर्ट्स कार चालता चालता मध्येच बंद पडते आणि गॅरेजात नेली की गुणी बाळासारखी चालते. जुन्या-नव्या गाड्या मी मुद्दाम एकत्र घेतल्या आहेत, कारण वायरिंगचे रोग गाडीच्या किमतीकडे बघत नाहीत.

प्रश्न : वडिलांची 1971 ची एमजीबी आहे. एकाच वेगात चालवली तर मस्त. घाटात ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की क्षणभर इंजिन मेल्यासारखं होतं आणि परत उचलतं. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोल पंप सगळं बदललं. आता काय बदलू? (पुणे)

काहीच बदलू नका. आधी मला सांगा, गाडी मरते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो? तुमच्या गाडीतला काटा इग्निशनच्याच तारेवर चालतो. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन तर फिरतच असतं. तरीही काटा धपकन शून्यावर आला, तर कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा) करंट तुटला. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर करंट शाबूत आहे, पेट्रोलकडे बघा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते आणि त्याला पैसा लागत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझी बोली डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, आतल्या तारेवर. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) ज्या चकतीवर बसतात ती स्थिर नसते. ॲक्सिलरेटर जरासा दाबलेला असताना व्हॅक्यूम तिला काही अंश ओढून धरतो, पूर्ण दाबला की सोडून देतो. पॉइंटला करंट आणणारी बारीक तार दर खेपेला तिच्याबरोबर वाकते. पन्नास वर्षं वाकून तांब्याचे तंतू आतल्या आत तुटतात, वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. एकदा अशी तार मी चिमटीत धरून हलकेच ताणली तर ती रबरबँडसारखी लांब झाली. आत धातू उरलाच नव्हता. तुटलेली टोकं एकमेकांना टेकली की गाडी चालायची, सरकली की बंद.

तपासणी सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवा, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवा, आणि ते टोक तोंडाने ओढा. आरपीएम वाढायला हवा. इंजिन अडखळलं किंवा मेलं तर चोर सापडला. चकतीला अर्थ (करंटला बॅटरीकडे परतीची वाट) देणारी दुसरी छोटी तारही त्याच वयाची असते, तीही बघा. नवी तार बारीक तंतूंची, लवचीक हवी. घरच्या फिटिंगची उरलेली वायर लावलीत तर ती फार दिवस टिकणार नाही.

आणि हो, काढलेला जुना कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यातली ठिणगी आवरणारी छोटी डबी) फेकून दिला नसेल तर जपून ठेवा. हल्ली नव्या डबीतून येणारा प्रत्येक कंडेन्सर चांगला असतोच असं नाही, आणि तो गरम झाल्यावरच दगा देतो.

प्रश्न : 1986 ची पोर्श 944 घेतली. अर्धा-पाऊण तास चालवली की अचानक बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. इथले मित्र म्हणतात पेट्रोल पंप गेला. (लेस्टर, इंग्लंड)

पंप गेला असेलही, पण या गाडीत आधी पंपाला करंट देणारा तपासायचा. 944 मध्ये डीएमई रिले नावाची एक डबी असते, तिच्यात दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारे स्विच) एकत्र बसवलेले आहेत. एक इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देतो, दुसरा पंपाला. दुसरा जुळतो तो इंजिन फिरतंय असा सिग्नल कॉम्प्युटरला मिळाला तरच, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबावा. योजना चांगली आहे, दुखणं आहे ते आतल्या सोल्डरिंगचं. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन पिनेभोवतीच्या सोल्डरच्या डागाला तडा जातो. डबीचं झाकण काढून भिंगाखाली धरलंत तर पिनेच्या मुळाशी केसाएवढी गोल रेघ दिसेल, कपाच्या तळाशी सुकलेल्या चहाच्या कड्यासारखी. गरम झालं की तिथे संपर्क सुटतो, गार झालं की जुळतो. म्हणून तुमची वीस मिनिटं.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की थांबू नका, लगेच सेल्फ मारा आणि काट्याकडे बघा. काटा जरा थरथरला तर कॉम्प्युटर जागा आहे, पंपाच्या बाजूला जा. निपचित पडला असेल तर एकतर रिले कॉम्प्युटरला वीज देत नाहीये, किंवा इंजिनाच्या मागे बेलहाउसिंगवरच्या (क्लचभोवतीच्या आवरणावरच्या) दोन क्रँक सेन्सरपैकी, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्यांपैकी, एक तापल्यावर आतून तुटतोय. त्यांच्या वायरची आवरणं या वयात हाताने चुरा होतात. क्लचचं काम नुकतंच झालं असेल तर सेन्सरचं अंतर पुन्हा बसवलंय का विचारा. ते 0.8 मिमी लागतं.

तड्यावर नवा डाग देता येतो, मी दिलेही आहेत. पण प्रवासाच्या गाडीत नवीनच रिले लावा आणि जुना डाग देऊन हातमोजांच्या कप्प्यात टाका. 944 चे जुने मालक हेच करतात.

प्रश्न : माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. पावसात लाइट, वायपर, ब्लोअर एकदम चालू केले की इंजिन अडखळतं आणि बंद पडतं. उन्हाळ्यात काही त्रास नाही. बॅटरी नवी आहे. (फोंडा, गोवा)

तुमच्या गावाजवळच जन्मलेली गाडी! तिची बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं 1.2 लिटरचं. फायबरग्लासमधली मेख अशी की पत्र्याच्या गाडीत अर्थ बॉडीतून परत येतो, इथे बॉडीतून काहीच परत येत नाही. प्रत्येक दिव्याला आणि मोटरला परतीची वेगळी तार लागते, आणि त्या तारा मोजक्या ठिकाणी एकाच बोल्टखाली जमा होतात. तो बोल्ट खराब झाला की वायपर-ब्लोअरचा करंट वाट शोधताना इंजिनाच्या कॉम्प्युटरचा अर्थ वर उचलतो. सेन्सर जे सांगतात ते त्याला चुकीचं ऐकू येतं. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत लगच्या (तारेच्या टोकाला बोल्टखाली बसणाऱ्या चकतीच्या) खाली हिरवट पीठ साठतं. वरून नट चकचकीत, खाली सगळं खाल्लेलं.

इथे तारेचा रोध मोजणाऱ्या ओहममीटरवर विश्वास टाकू नका. तीस तंतूंच्या तारेतला एकच तंतू उरला असेल तरी मीटर शून्याच्या आसपासच दाखवतो, कारण तो नगण्य करंट सोडून मोजतो. त्याऐवजी इंजिन चालू, लाइट-वायपर-ब्लोअर सगळं चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, मग कॉम्प्युटरच्या अर्थ तारेवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तिथेच दुखणं आहे. एखाद्या एकट्या तारेवर शंका असेल तर ती सोडवून तिच्यातून हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब पेटवून बघा. साडेचार अँपिअर वाहून नेता आले तर तार खरी.

जोड सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, आणि मगच ग्रीस लावा. ते करत असताना बेलहाउसिंगवरच्या सेन्सरचा प्लगही काढून साफ करा. त्या पिढीच्या रेनो इंजिनांचं ते जुनं दुखणं आहे.

प्रश्न : मी पाँटियाक सॉल्स्टिस चालवतो. खड्ड्यात चाक गेलं की कधीकधी सगळंच बंद होतं, डॅशबोर्डसकट. चावीच्या जुडग्यात घराच्या, ऑफिसच्या मिळून चौदा चाव्या आहेत. त्याचा संबंध असेल का? (न्यू जर्सी)

आहे, आणि ही थट्टा नाही. जनरल मोटर्सने 2014 साली सुमारे 26 लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या, त्यात शेवरले कोबाल्टबरोबर सॉल्स्टिसही होती. स्विचमधली स्प्रिंग कमजोर, त्यामुळे जुडग्याच्या ओझ्याने किंवा गचक्याने चावी आपोआप मागे फिरायची. इंजिन जातं, स्टिअरिंग जड होतं आणि एअरबॅगही उघडत नाही. आजच जुडगा सोडवा, एकटी चावी वापरा, आणि चासी नंबर देऊन ते काम झालंय का हे डीलरकडे विचारा. तोवर लांब जाऊ नका.

प्रश्न : जुनी स्पोर्ट्स कार घेतली, आधीच्या मालकाने रिमोट लॉक आणि इमोबिलायझर बाहेरून बसवला आहे. महिन्यातून दोनदा सिग्नलला बंद पडते. स्कॅनरवर एकही कोड नाही, म्हणून मेकॅनिक म्हणतो गाडीत दोष नाही. (ठाणे)

कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने टिपून ठेवलेला दोषाचा क्रमांक, नसणं हाही पुरावाच आहे. क्रँक सेन्सर गेला असता तर बहुतेक वेळा पी 0335 तरी उमटला असता. कॉम्प्युटरचीच वीज गेली तर लिहिणार कोण?

बाहेरून बसवलेला इमोबिलायझर (चोराला इंजिन चालू करू न देणारं यंत्र) बहुधा इग्निशनची मूळ तार कापून मध्ये स्वतःचा छोटा रिले घालतो. स्टिअरिंगखालचं आवरण काढा आणि काळी टेप शोधा. तिच्याखाली तार न सोलता पात्याने टोचणारे कनेक्टर निघतील. ते अर्धे तंतू कापतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर अख्खं इंजिन चालतं. माझ्याच एका गाडीत दुकानातल्या पोराने अशी सात ठिकाणं पेरून ठेवली होती, आणि बिलावर लिहिलं होतं, "वायरिंगला धक्का न लावता." ते यंत्र पूर्ण काढा, कापलेली तार डाग देऊन जोडा, त्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवा. महिनाभर तशीच चालवून बघा, मग चोराची काळजी करू.

प्रश्न : मल्टिमीटर कोणता घ्यावा? (नाशिक)

कमीत कमी-जास्तीत जास्त आकडा साठवून ठेवणारा. कारण दोष घडतो तेव्हा तुमचे डोळे रस्त्यावर असतात. मीटर शेजारच्या सीटवर, त्याच्या तारा संशयित जोडापर्यंत फ्यूजमधून नेलेल्या. घरी आल्यावर बघा, 13.8 व्होल्टऐवजी क्षणभर 6 पर्यंत पडलं होतं का.