नाईटची सवय होते, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, थर्ड शिफ्टची सवय व्हायला किती दिवस लागतात?" मागे मशीनचा एवढा आवाज होता की धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. थर्डची, म्हणजे रात्रपाळीची, सवय होत नाही. जागं राहायची होते, पण ती निराळी गोष्ट. वर्षानुवर्षं कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही फार थोड्यांच्या शरीराचं घड्याळ पुरतं उलटं फिरतं. तुझी पाळी तर दर आठवड्याला बदलते. शरीर कुठे जुळवून घ्यायला लागतं न लागतं, तोवर गुरुवारची सुट्टी येते आणि पुढच्या दिवशी तू वेगळ्याच पाळीत.

घड्याळ म्हणतो ते खरंच आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीक पुंजका आहे. उजेड पाहून तो सगळ्या शरीराची वेळ लावतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. तुझ्यापुरतं एवढंच लक्षात ठेव की रात्री झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक चढतं, पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि लक्षही त्याच वेळी तळाला जातं. कारखान्यात कितीही लख्ख दिवे असोत.

आता मुख्य मुद्दा. पेंगुळलेल्या माणसाला आपण किती पेंगुळलोय हे कळत नाही. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही जणांना दोन आठवडे रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, जरा झोप येतेय, बाकी ठीक. दिवसा मिळणारी तुझी झोप साधारण याच मापाची असते. म्हणून तुझं "मी ओके आहे काका" मी हिशोबात धरत नाही, राग मानू नकोस.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहाटे चारच्या राउंडला गेलो होतो. सीएनसीवर, म्हणजे आकडे भरून चालवायच्या मशीनवर, एक चांगला, अनुभवी ऑपरेटर. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, थोडा लहान येत होता म्हणून त्याने मशीनला दुरुस्तीचा आकडा, म्हणजे ऑफसेट, दिला होता. ०.०५ द्यायचा, दिला गेला ०.५. अशी चूक दिवसाही होते. पण नंतरचं बघ. तो प्रत्येक जॉबला प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी, लावत होता. जी आत जायलाच नको ती नो-गोची बाजू सरळ आत जात होती, बाहेर येत होती आणि जॉब ओके म्हणून ट्रेमध्ये रचला जात होता. डोळे उघडे, हात व्यवस्थित चालू. मी विचारलं, "झोप आलीय का रे?" तर म्हणाला, "छे, आत्ताच चहा घेतला." खोटं बोलत नव्हता बिचारा.

याला उपाय एकच. त्या वेळेत स्वतःच्या अंदाजावर काही सोडायचं नाही. सेटिंग, टूल बदलणं, नवा प्रोग्रॅम असली डोक्याची कामं दोनच्या आत उरक. तीननंतर ऑफसेट द्यायचा झाला तर आकडा मोठ्याने वाच, स्क्रीनवर बोट ठेव, मगच बटण दाब आणि पहिला पीस शेजारच्याला दाखव. जपानी रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने बोलायची हीच पद्धत आहे. पोरं हसतील, हसू देत. आणि रात्री लवकर उत्पादन निघावं म्हणून प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर बायपास करणारे महाभाग भेटतील, त्यांच्या मशीनवर उभाही राहू नकोस.

जेवणाच्या सुट्टीत कंपनी पडू देत असेल तर वीस मिनिटं डोळे मीट. त्याहून जास्त नको. गाढ झोपेतून उठलं की डोकं जड राहतं, म्हणून उठल्यावर तोंड धू, चार पावलं चाल, मगच मशीनला हात लाव. चहा तीनच्या आत. पाच तासांनंतरही त्यातलं साधारण निम्मं कॅफिन रक्तात असतं, म्हणजे साडेपाचचा कटिंग साडेदहापर्यंत तुला पुरतं झोपू देत नाही.

दिवसाच्या झोपेचं मात्र मला जास्त सांगायचंय, कारण सगळं तिथेच बिघडतं. तू कॉट बेसिसवर राहतोस, खोलीत चौघं, चौघांच्या पाळ्या वेगळ्या, वर पत्रा. मोबाईलचे अलार्म, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, शेजारच्या वर्कशॉपचा ग्राइंडर. अशात शरीराला सकाळ झाल्याचं आतूनही कळलेलं असतं, त्यामुळे चार-पाच तासांत जाग येतेच. सुटल्यावर बाहेर पडताना काळा गॉगल लाव, सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की झोप पळते. टपरीवरची तर्रीदार मिसळ सुट्टीच्या दिवसासाठी ठेव, झोपण्याआधी हलकं काहीतरी खा. खिडकीला जाड काळं कापड ठोक, खोलीतल्यांशी बोलून रात्रपाळीवाल्याची कॉट दारापासून लांब घे, कानात बोळे घाल. आईला स्पष्ट सांग की नाईटच्या आठवड्यात सकाळी आठ ते तीन फोन नाही. अकरा वाजता "जेवलास का रे?" म्हणून तिचा फोन येतो आणि तुझी झोप तिथेच संपते. ती रागावणार नाही, तिला फक्त माहीत नाही. झोप तुटलीच तर संध्याकाळी कामावर निघण्याआधी तास-दीड तास पुन्हा पड. पहिल्या नाईटच्या आधी तर पडच, कारण तू सकाळपासून जागा असतोस.

डबल मारायचा, म्हणजे सलग दोन पाळ्या करायचा, विषय काढलास. ओटीचा, म्हणजे जादा तासांचा, दर दुप्पट असतो आणि तुला घरी पैसे पाठवायचे असतात, हे मला कळतं. तरी सेकंडला लागून थर्ड करू नकोस. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं काम १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसासारखं होतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी दहाला उठून दुपारी तीनला कामावर गेलास की मध्यरात्रीनंतर तीनलाच सतरा तास भरतात, आणि तुझे सुटायला अजून चार तास असतात. पुढे मोशीला रूमपर्यंत बाईक. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पन्नास मीटर जाते, आणि त्या रस्त्याला सकाळी किती ट्रेलर असतात ते तुला माहीत आहे. कंपनीची बस आहे ना, तिने ये. बाईक रूमवर राहू दे.

एक चौकशी कर. तुमच्या पाळ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पुढे सरकतात की थर्डनंतर सेकंड अशा उलट्या? झोप पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं, अलीकडे ओढणं जड. उलट्या असतील तर एकट्याने साहेबांकडे जाऊ नकोस, युनियनच्या प्रतिनिधीला घेऊन जा. हा बदल करायला कंपनीला पैसा लागत नाही, त्यामुळे ऐकून घेतात बऱ्याचदा.

रोस्टरचा, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्याचा, फोटो काढून पाठव. दोन महिन्यांचा पाठव, एका आठवड्यावरून काही कळत नाही.

तुझा,
काका