वजन तेवढंच आहे, मग स्नायू कमी कसे?

"ताई, मशीनने घोळ केलाय. बाबांचं वजन केमोच्या आधी 78 होतं, आजही 78च आहे, मग स्नायू कमी कसे काय?" कॅन्सर ओपीडीत आहाराचं समुपदेशन करते, त्यामुळे असा प्रश्न हल्ली बरेचदा येतो. हा विचारणारा मुलगा होता, वडिलांना आतड्याचा कॅन्सर, आई मांडीवर डबा घेऊन बसलेली. वडिलांच्या सीटी स्कॅनवरून एआयने काढलेल्या रिपोर्टात स्नायू कमी झाल्याचं आलं होतं.

आधी सांगितलं की यासाठी वेगळा स्कॅन झालेलाच नाही. आधीच्याच सीटी स्कॅनमधला कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा एक काप एआय घेतं, स्नायू आणि चरबी वेगवेगळ्या रंगात रंगवतं आणि क्षेत्रफळ मोजतं, पूर्वी हेच माणूस माऊसने रेघा ओढत बसायचा, आता काही सेकंदात होतं, रेडिओलॉजिस्ट फक्त रेघ चुकली नाही ना ते बघतात. स्क्रीनवर दाखवलं, पाठीकडचा स्नायूंचा लाल पट्टा जुन्या स्कॅनपेक्षा बारीक झालेला आणि पोटात चरबी वाढलेली. काट्याला काय, मांस गेलं आणि चरबी आली तरी आकडा तोच.

स्नायूंचं हे क्षेत्रफळ (चौ. सेंमी) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागतात, आणि पुरुषांमध्ये तो आकडा 52.4 च्या खाली गेला की स्नायू कमी, अशी जी रेष खूपदा वापरतात ती 2008 च्या कॅनडातल्या लठ्ठ पेशंटच्या अभ्यासातली आहे, आपल्या लोकांच्या अंगकाठीला ती जशीच्या तशी लावू नये असं माझं मत, त्यापेक्षा त्याच माणसाचे दोन स्कॅन शेजारी ठेवलेले बरे.

मुलाची खरी भीती वेगळीच होती, "म्हणजे केमो बंद करणार का?" तसं नाही हो. बऱ्याच औषधांचा डोस उंची-वजनावरून काढतात, स्नायू कमी असले तर त्रास जास्त होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना हे आधी कळलेलं चांगलं, ठरवणार तेच.

मग डबा उघडायला लावला. मऊ भात आणि साबुदाण्याची खीर! अंडी, दूध, डाळ कोणाच्या तरी सांगण्यावरून बंद, आणि "थकतात हो" म्हणून पाणीसुद्धा पलंगावर. आई जरा चिडल्याच, "मी काय उपाशी ठेवलं का यांना?" पोट भरत होतं, पण प्रोटीन कुठाय? किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम लागतं. किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत हे डॉक्टरांना विचारून नाश्त्याला अंडी, मधे मुगाचं धिरडं, जेवणात घट्ट वरण आणि दही, असं बसवलं, शिवाय पाणी स्वतः उठून घ्यायचं आणि दिवसातून दोनतीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस. पुढचा सीटी तसाही व्हायचाच आहे, त्यातला तोच काप परत मोजू.