दादर पश्चिमेला दुकानासाठी गाळा मिळतोय, दीड लाख भाडं. घ्यावा का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय ते असं: डोंबिवलीत घरून कॉटन कुर्त्यांचा ऑनलाइन धंदा बरा चाललाय, आता पहिलं दुकान काढायचंय. दादर पश्चिमेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर 180 चौरस फुटांचा गाळा आहे, भाडं दीड लाख, डिपॉझिट दहा लाख. एजंट म्हणतो दोन दिवसांत टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.

दुसरी पार्टी दादरमध्ये कायमच तयार असते. आमचं दुकान याच भागात आहे आणि ओळखीचं कुणी जागा बघत असलं की सोबत मी जातो, त्यामुळे या पार्टीचा उल्लेख मी बऱ्याच एजंटांच्या तोंडून ऐकलाय. दोन दिवसांत टोकन देऊ नका. भाडं योग्य की अयोग्य याकडे शेवटी येतो, कारण त्याआधी एक प्रश्न आहे जो तुम्ही विचारलेलाच नाही. ज्यांना तुम्ही मालक म्हणताय, ते मालक आहेत का?

हा प्रश्न अंधेरीच्या मॉलमध्ये किंवा ठाण्याच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये फारसा येत नाही. दादरमध्ये येतो, कारण इथल्या जुन्या इमारतींमधले बरेचसे गाळे पागडीचे आहेत. इमारतीचा मालक वेगळा. गाळ्यात बसलेला माणूस त्याचा भाडेकरू. त्याच्या आजोबांनी कधीतरी पागडी मोजून जागा घेतली, तेव्हापासून महिन्याला किरकोळ भाडं भरून पावती घ्यायची आणि बाकी सगळा कारभार मालकासारखा करायचा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्या-देण्याला मान्यता दिली, त्यामुळे पागडी म्हणजे काही बेकायदा भानगड नव्हे. पण पागडीवाला तीच जागा तिसऱ्याला लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती वापरायला, द्यायला निघाला, तर इमारतमालकाची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर मालक त्या पागडीवाल्याविरुद्धच जागा खाली करण्याचा दावा लावू शकतो. दावा त्याच्यावर, फर्निचर तुमचं.

मागे एका मैत्रिणीसाठी असाच गाळा बघायला गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी चहा मागवला, लाइटबिल दाखवलं, गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना दाखवला, सगळं नीट प्लास्टिकच्या फाइलमध्ये. मी शेवटची भाडेपावती मागितली. ती आली, पण पावतीवर नाव त्यांच्या काकांचं, आणि काका वारून बरीच वर्षं झालेली. ‘आमच्यात तोंडी ठरलंय, भाऊ काही बोलणार नाहीत,’ असं ते म्हणाले. इमारतीचं भाडं गोळा करणाऱ्या मेहताजींना जाऊन भेटलो, तर ते म्हणाले की आम्ही पावती कुणाच्याच नावावर केलेली नाही, ट्रान्सफरचे पैसे ठरल्याशिवाय करणारही नाही. गृहस्थ खोटारडे नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की जागा आपलीच आहे. आम्ही चहा पिऊन निघालो.

तेव्हा तुम्हीही आधी कागद मागा. मालकीचा गाळा असेल तर खरेदीखत, सोसायटी असल्यास शेअर सर्टिफिकेट आणि मेंटेनन्सचं ताजं बिल, मालमत्ता कराचं बिल. पागडीचा असेल तर चालू महिन्याची भाडेपावती आणि इमारतमालकाचं संमतीपत्र. पावतीवरचं नाव आणि करारावर सही करणाराचं नाव एकच हवं. वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या. ‘बहीण अमेरिकेत आहे, तिचं काही नाही’ हे वाक्य ऐकलंत की बहिणीची पॉवर ऑफ अॅटर्नी मागायची.

इमारतीचं वयही बघा. 30 सप्टेंबर 1969 पूर्वी बांधलेल्या भाड्याच्या इमारती साधारणपणे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणाऱ्या असतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा कारभार म्हाडाच्या मंडळाकडे असतो. दादरमध्ये अशा इमारती पुष्कळ, आणि पुनर्विकासाची बोलणी जवळजवळ प्रत्येक इमारतीत चाललेली. बोलणी वर्षानुवर्षं चालतात आणि मग अचानक होकार होतो. तसं झालं तर नव्या इमारतीतला गाळा पागडीवाल्याला किंवा मालकाला मिळेल. लायसन्सवर बसलेल्याला काही मिळत नाही. इमारतीला धोकादायक ठरवणारी नोटीस आली आहे का, पालिकेने सी-1 म्हणजे अतिधोकादायक वर्गात टाकली आहे का, विकासकाशी करार झालाय का, हे वरच्या मजल्यावरच्या एखाद्या जुन्या रहिवाशाला विचारा. एजंटपेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खरी माहिती देतात.

एवढं जमलं तर टेप घेऊन जा. तुमचे 180 फूट पोटमाळा धरून आहेत असा माझा दाट संशय आहे. नऊ फूट रुंद, साडेबारा फूट खोल म्हणजे 112 फूट झाले, उरलेले वर लाकडी शिडीने चढून जायचे, जिथे माणूस सरळ उभाही राहत नाही. माल ठेवायला पोटमाळा हवाच, त्याचे पैसेही द्या, पण खालच्या फुटांच्या भावाने नव्हे. दर्शनी रुंदी खोलीपेक्षा महत्त्वाची, कुर्त्यांच्या धंद्यात तर फारच. बाहेरून चालणाऱ्या बाईला चार पुतळे दिसले पाहिजेत. शटरच्या मधोमध खांब असेल तर भाव पाडून मागा. बाहेरच्या ओट्यावर किंवा फुटपाथवर माल लावून ‘आपण तीन फूट पुढे येऊ’ हा हिशोब करू नका. पालिकेची गाडी आली की ते तीन फूट गेले. आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा. तुम्ही दोन मुली कामाला ठेवणार, त्या बारा बारा तास उभ्या. इमारतीतलं वापरू देतात का, हे आजच लेखी घेतलेलं बरं. नंतर सोसायटीत यावरूनच कटकटी होतात.

आता करार. एजंट बहुतेक म्हणेल, ‘अकरा महिन्यांचा करू, म्हणजे रजिस्ट्रेशन नको.’ महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवायची जबाबदारी जागा देणाऱ्याची, न केल्यास शिक्षाही त्यालाच. खर्चही डोक्यावरून पाणी जाईल असा नाही. तुमच्या आकड्यांवर मांडून दाखवतो. तीन वर्षं, दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तर एकूण भाडं 56 लाख 74 हजार 500. परत मिळणाऱ्या दहा लाखांवर वर्षाला दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज तीन लाख धरतात. बेरीज 59 लाख 74 हजार 500, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळपास पंधरा हजार. नोंदणी फी हजार रुपये. इमानदारीवर मोठमोठं बोलणारी माणसं या सोळा हजारांसाठी करार कच्चा ठेवायला निघतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

जागामालक एवढं मोठं डिपॉझिट का मागतात, तेही समजून घ्या, म्हणजे घासाघीस कुठे करायची ते कळेल. जुन्या मुंबईकर मालकांच्या मनात 1973 अजून आहे. त्या वर्षी कायदा बदलला आणि 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर बसले होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. कित्येकांच्या जागा तशाच गेल्या. आजही राहत्या घराचा लायसन्सी मुदत संपून उठला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते, दुकानासाठी ती सोय नाही, लघुवाद न्यायालयात जावं लागतं. म्हणून तो डिपॉझिट वाढवतो आणि मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट भाडं असं कलम टाकतो. त्या कलमाला हरकत घेऊ नका, ती त्याची भीती आहे. त्या बदल्यात तुमची दोन कलमं मान्य करून घ्या. पहिलं, लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, दोघांना सारखी नको. मालकाने पूर्ण तीन वर्षं तुम्हाला उठवायचं नाही, तुम्ही मात्र पहिल्या वर्षानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकाल. पहिल्याच दुकानाला तीन वर्षांचा लॉक-इन घेणं म्हणजे धंदा बसला तरी भाडं सुरू. दुसरं, डिपॉझिटचा परतावा चावी देताना त्याच टेबलावर, उशीर झाला तर अमुक टक्के व्याज आणि पैसे हातात पडेपर्यंत जागा तुमच्या ताब्यात. ‘पंधरा दिवसांत देऊ’ असं लिहू देऊ नका.

फर्निचरसाठी महिनाभर तरी भाडेमुक्त मागा. वीज बेस्टची असणार. मंजूर भार किती आहे आणि एसी, दिवे, स्टीमर चालतील का, मीटर कुणाच्या नावावर आहे, जुनी थकबाकी आहे का, हे बिलावरच कळतं. मालमत्ता कर आणि मेंटेनन्स मालकाने भरायचा, हे एका ओळीत लिहून घ्या.

जीएसटीचं मात्र नीट ऐका, कारण महिन्याला 27 हजारांचा प्रश्न आहे. व्यापारी जागेच्या भाड्यावर 18 टक्के. वर्षाचं भाडं 18 लाख, म्हणजे मालकाचं दुसरं उत्पन्न नसेल तर तो वीस लाखांच्या मर्यादेखाली आणि नोंदणीकृत नसण्याची शक्यता आहे. मालक नोंदणीकृत नाही आणि तुम्ही आहात, तर ऑक्टोबर 2024 पासून तो कर तुम्हीच रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी थेट सरकारला, रोख भरायचा, नंतर क्रेडिट घ्यायचं, म्हणजे आपल्या विक्रीवरच्या करातून तो वजा करायचा. पैसे परत येतात, पण खेळतं भांडवल अडकतं. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या कमी दराच्या जीएसटी योजनेत, असाल तर जानेवारी 2025 पासून हा रिव्हर्स चार्ज लागत नाही. पण मालक नोंदणीकृत असेल तर 27 हजार सरळ खर्चात, क्रेडिट नाही. आणि तुम्ही कुरियरने बेळगावला, बंगळुरूला कुर्ते पाठवत असाल तर कंपोझिशन मुळात मिळतच नाही, परराज्यात माल विकणाऱ्याला ते बंद आहे. भाड्यातून टीडीएसही कापायचा आहे: तुमची उलाढाल कोटीच्या आत असेल तर दोन टक्के, वर असेल तर दहा. ‘दीड लाख अधिक जीएसटी’ की ‘सगळं धरून दीड लाख’, हे टोकन देण्याआधी ठरवा.

गर्दीबद्दल एजंटने तुम्हाला शनिवारी संध्याकाळी नेलं असेल. तुम्ही मंगळवारी जा, सकाळी आणि परत संध्याकाळी. दादरची सकाळची गर्दी ऑफिस गाठणारी, तिला दुकान दिसत नाही. पाचनंतर तीच माणसं उलटी स्टेशनकडे निघतात, हातात भाजी, फुलं, आणि तेव्हा थांबतात. म्हणून स्टेशनकडे जाणाऱ्या पायांच्या बाजूचा गाळा आणि समोरचा गाळा यांत फरक पडतो. दारासमोर फेरीवाले बसतात का, कोणत्या मालाचे, तेही बघा. समोर कुर्त्यांचाच ढीग तीनशे रुपयांना असेल तर तुमचा आठशेचा कुर्ता बाई हातात घेईल, कापड चांगलं आहे म्हणेल आणि बाहेर जाऊन तो तीनशेचा घेईल. समोर चपला, क्लिपा, पर्स असतील तर मात्र ते फेरीवाले तुमच्यासाठी गिऱ्हाईक थांबवून ठेवतात. पाटीचाही खर्च धरा: मराठी देवनागरीत, आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेली अक्षरं, हा नियम छोट्या दुकानांनाही आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. दीड लाख भाडं, दोन-तीन माणसांचा पगार साठ हजार, वीज आणि बारीकसारीक पंचवीस हजार. महिन्याला दोन लाख पस्तीस हजार. कुर्त्यात कर वगळून 35 टक्के सुटतात असं धरलं तर नुसतं बरोबरीत यायला महिना सहा लाख सत्तर हजारांची विक्री हवी. 26 दिवसांनी भागा, रोज सुमारे 25 हजार 800. आठशेच्या सरासरी बिलाने रोज 32 बिलं, पावसाळ्यातल्या मरगळलेल्या बुधवारीही. यात तुमचा स्वतःचा पगार नाही, दहा लाखांचं व्याज नाही, न खपलेला माल नाही. गणपती आणि दिवाळीआधी 32 बिलं दुपारपर्यंत होतील. जुलैमध्ये होतील का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो तोंड वाकडं करेल, तेच उत्तर.

माझ्या मते हा गाळा 180 फूट खरा भरला, कागद स्वच्छ निघाले आणि एक वर्षानंतर बाहेर पडता येत असेल तरच दीड लाखाला विचार करावा. पोटमाळा धरून 180 असेल तर एक लाख वीसच्या वर जाऊ नका. तोवर शिवाजी पार्कच्या आसपासच्या सभागृहांत दिवाळीआधी प्रदर्शनं लागतात, तिथे एक टेबल घ्या. दादरची बाई तुमच्या कुर्त्याला आठशे मोजते की सहाशेवर घासाघीस करते, ते तिथे दोन दिवसांत समजेल, आणि वरच्या हिशोबातला सगळ्यात कच्चा आकडा तोच आहे. कराराचा मसुदा आला की नावं आणि पत्ते खोडून लॉक-इन आणि डिपॉझिटची कलमं इथे टाका, बघून सांगतो.